लोडशेडिंगचे दोस्त

हँडहेल्ड कन्सोल घ्यायचा विचार चाललाय? शोरूममधला चकचकीत डेमो विसरा. सरळ एसटी पकडा, गावी जा. खरी टेस्ट तिथेच होते!

"काका, ह्याला रेंज लागती का?"

दिवाळीला नांदूरघाटला पोचलो, बॅग टेकवली, आणि पुतण्याने पहिला प्रश्न टाकला. दुसरा लगेच: "चार्जिंग किती पुरतं?" आणि तिसरा, जरा दबक्या आवाजात: "मला बी खेळू देताव का?"

पुण्यातल्या कॅफेत हँडहेल्ड बाहेर काढला की शेजारच्या टेबलावरून येणारे प्रश्न ठरलेले असतात. कितीला पडला? प्रोसेसर कुठला? साठ एफपीएस मिळतात का? मी स्वतःही गेली कित्येक वर्षं हेच प्रश्न विचारत आलोय. पण खरं सांगू? केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या बारा वर्षांच्या पोराने विचारलेले तीन प्रश्न कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा भारी आहेत. तेव्हा दोस्तहो, यंदाचा हा रिव्ह्यू नांदूरघाट स्टाइल!

दोन सेलांची जादू

आधी थोडा फ्लॅशबॅक. माझा पहिला हँडहेल्ड म्हणजे येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या जत्रेतून घेतलेला ब्रिक गेम. डब्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं, आत जेमतेम पाच-सहा खेळ, तेच उलटेपालटे करून. पण त्यातले ते वरून पडणारे ठोकळे! ते खरं तर टेट्रिस होतं आणि मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोवने ते १९८४ मध्ये बनवलं होतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर माझ्या लेखी ते येडेश्वरीच्या जत्रेतलंच होतं.

तो काळ भारनियमनाचा. मराठवाड्यातल्या खेड्यांत दिवसाचे निम्मे तास लाइट नसायची. शहरातल्या पोरांकडे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम होते, पण आमच्याकडे टीव्हीच चालू नसायचा, तर जोडणार कशाला? ब्रिक गेमला मात्र दोन सेल पुरायचे. सेल संपले की दाताने दाबायचे, उन्हात ठेवायचे, आणखी तासभर ओढायचा. (उन्हात ठेवल्याने खरंच काही होतं का, विचारू नका. आमची श्रद्धा होती!)

गंमत म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला हँडहेल्डही याच हिशेबावर उभा राहिला. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आणला आणि १९८९ मध्ये त्यांच्या टीमचा 'गेम बॉय' आला. योकोईंचा फंडा सरळ होता: नवंकोरं महागडं तंत्रज्ञान नको, जुनं, स्वस्त, पक्कं झालेलं घ्या आणि ते वेगळ्या डोक्याने वापरा. म्हणून गेम बॉयचा स्क्रीन हिरवट, रंग नाहीत, मागे लाइट नाही. समोर सेगाचा 'गेम गिअर' होता, रंगीत, झगमगीत. पण गेम गिअर सहा सेल खाऊन तीन ते पाच तासांत आडवा व्हायचा, तर गेम बॉय चार सेलांत दहा-पंधरा तास सहज काढायचा. जिंकला कोण? गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर खपले. सांगायचं काय, तर ज्याची बॅटरी टिकते तो टिकतो.

चार्जिंग किती पुरतं?

आता आजच्या मंडळींकडे वळू. यंदा मी गावी दोन यंत्रं नेली होती. एक माझा जुना निन्टेन्डो स्विच आणि दुसरा मित्राकडून मागून आणलेला एक विंडोजवाला हँडहेल्ड. ही विंडोजवाली जात हल्ली जोरात आहे. आसुसचा 'आरओजी अलाय' २०२३ च्या जुलैमध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत होती ६९,९९० रुपये. व्हॉल्वचा 'स्टीम डेक' २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ३९९ डॉलरला निघाला. म्हणजे अख्खा गेमिंग पीसी हातात. ताकद जबरदस्त, पण वजन बघा: स्टीम डेक ६६९ ग्रॅम, अलाय ६०८ ग्रॅम. सेल न घालता गेम बॉय होता २२० ग्रॅमचा! झोपून खेळताना हातातून सुटून नाकावर पडला तर कळतं तंत्रज्ञान किती पुढे गेलंय ते.

बॅटरीचं तर विचारूच नका. स्विच २ हा २०२५ च्या ५ जूनला आलेला नवा गडी. निन्टेन्डो स्वतःच सांगते, गेमप्रमाणे अंदाजे दोन ते साडेसहा तास. २०१९ नंतरचा सुधारित जुना स्विच साडेचार ते नऊ तास. म्हणजे पुढच्या पिढीने मागे पाऊल टाकलं. स्क्रीन मोठा, चित्र सुंदर, सगळं कबूल. पण पुण्याहून गावी यायला एसटीने सात-आठ तास लागतात. नगर येईपर्यंत खेळायचं आणि जामखेडच्या पुढे खिडकीतून बाहेर बघायचं, हा कुठला न्याय?

मित्राच्या विंडोजवाल्याने तर पहिल्याच संध्याकाळी अपडेट मागितलं. ओसरीवर पाच पोरं गोल करून बसलेली, आणि स्क्रीनवर ते गोल फिरणारं चक्र. दहा मिनिटांनी एक पोरगं म्हणालं, "हे तर आमच्या शाळंतल्या कम्प्युटरवानी झालं की." पुतण्याने किंमत विचारली, मी सांगितली. तो मिनिटभर गप्प झाला. मग म्हणाला, "काका, एवढ्यात तर एक बैल येतो." यावर आपल्याकडे उत्तर नव्हतं, बॉस!

रेंज लागती का?

माझं खरं भांडण आहे ते इथे. आणि ते फक्त गावाकडच्यांचं नाही, तुमचंही आहे.

पूर्वी कार्ट्रिज विकत घेतलं की विषय संपला. घातलं, खेळलं, कंटाळा आला की मित्राला दिलं. स्विच २ बरोबर निन्टेन्डोने 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार आणलाय. दिसायला कार्ड, डबीसुद्धा मस्त. पण आत गेमच नाही! कार्ड म्हणजे नुसती किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि वर खेळताना कार्ड आत घालूनच ठेवायचं. 'स्ट्रीट फायटर ६' असाच आला. उलट 'सायबरपंक २०७७' सारखा अवाढव्य गेम ६४ जीबीच्या खऱ्याखुऱ्या कार्डवर अख्खा बसवून दिला. म्हणजे मनात आणलं तर जमतं. पण मोठं कार्ड महाग पडतं, म्हणून बऱ्याच कंपन्या किल्ली देऊन मोकळ्या होतात.

पुण्यात फायबर असलेल्याला याने काय फरक पडतो? गावचा हिशेब करा. मोबाइलचा रोज २ जीबीचा पॅक. ६० जीबीचा गेम उतरवायला बरोबर ३० दिवस, तेही घरातल्या बाकी कुणी एकही रील बघितली नाही तर! आणि उद्या कंपनीने सर्व्हर बंद केला तर ती किल्ली कुठल्या कुलपाला लावायची? माझ्या स्विचमधलं 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चं कार्ट्रिज २०१७ चं आहे. गावातल्या माळवदावर, रेंजचा एकही दांडा नसताना, ते घातलं आणि झेल्डाचं अख्खं जग उघडलं. पोरं तासभर नुसती डोंगर चढत होती. इथल्या बालाघाटाच्या डोंगरात वाढलेली पोरं ती, चढायचं म्हटल्यावर कोण ऐकतंय!

छोट्या गेम्सचं कौतुक मला याचसाठी वाटतं. एकाच माणसाने बनवलेला 'बलात्रो' २०२४ मध्ये आला. पत्त्यांचा खेळ, साइज नाममात्र, व्यसन जबरी. तीन जणांच्या टीम चेरीने सात वर्षं थांबायला लावून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' सोडला, वीस डॉलरच्या आत. त्याच वर्षी 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला विकला जात होता. मारिओवर माझं प्रेम आहे, पण एवढं नाही!

अण्णांची शेती

आता या सुट्टीतला माझा आवडता किस्सा. 'स्टारड्यू व्हॅली' माहीत असेलच. एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून बनवलेला, २०१६ चा गेम. ऑफिसच्या नोकरीला वैतागलेला नायक आजोबांची शेती कसायला गावी जातो. आयटीतल्या निम्म्या लोकांचं स्वप्न ते! मी रात्री ओसरीवर खेळत बसलो होतो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, शेजारी येऊन टेकले.

"काय करायलास रे?"

"शेती."

"दाखव बरं."

दाखवलं. बियाणं वीस नाण्यांचं. चार दिवसांत पीक. विकलं की पस्तीस नाणी.

"आन् मंदी आली तर?"

"मंदी नसते अण्णा. भाव ठरलेला असतो."

"पाणी न्हाई दिलं तर?"

"पीक मरत नाही. नुसतं वाढायचं थांबतं."

"आन् पावसाचं कसं?"

"टीव्हीवर सांगतात. उद्या पडणार म्हटलं की पडतोच."

अण्णा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. कापूस आणि सोयाबीनच्या भावाचं गणित त्या माणसाने आयुष्यभर मांडलंय. गावातली कितीतरी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून ऊसतोडीला जातात, तेही बघितलंय. मग म्हणाले, "ज्यानं हे बनिवलं त्याला म्हणावं, एकदा हिकडं ये." आणि उठताना: "उद्या मला शिकीव."

मी हा गेम दोनशे तास खेळलोय. पण तो नेमका कशाबद्दल आहे हे मला त्या रात्री कळलं. कष्टाचे पैसे नक्की मिळतील, एवढीच त्यातली फँटसी आहे. ड्रॅगन वगैरे किरकोळ!

मला बी खेळू देताव का?

गावात आज 'गेम' म्हटलं की मोबाइल. पब्जीवर २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी आली, पुढच्या जुलैत तो बीजीएमआय होऊन परतला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. त्या दरम्यान मोठी माणसं रमीत अडकली, ती इतकी की २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा करावा लागला. म्हणून मी कन्सोल काढला तेव्हा वहिनींचा चेहरा पडला होता. "भावजी, पोराला नका हो नादी लावू." त्यांचं काय चुकलं?

मग मी स्विचची दोन्ही कंट्रोलरं काढली, एक पुतण्याला दिलं, एक वहिनींना. 'मारिओ कार्ट ८'. नेट नाही, जाहिरात नाही, 'हिरे विकत घ्या' नाही. दुसऱ्या शर्यतीत वहिनींनी पोराला केळाच्या सालीवर घसरवलं आणि अशा हसल्या की चुलीवरचं दूध उतू गेलं. सतोशी ताजिरींना पोकेमॉन सुचला तो लहानपणी किडे पकडायच्या नादातून आणि दोन गेम बॉय जोडणारी केबल बघून. आम्हीही लहानपणी चतुर पकडून शेपटीला दोरा बांधायचो. खेळ दुसऱ्याच्या हातात देता आला की तो नाद न राहता खेळ होतो, हे माझं ठाम मत.

आणि हो, आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' खेळलात का? २०२० च्या ऑगस्टमध्ये तो सगळ्यात आधी स्विचवरच आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळवून गेला. गंमत बघा, ज्या कन्सोलवर पुण्याचा गेम पहिला झळकला, तो निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकायलाच आणला नव्हता. दुबईचा आतेभाऊ नाहीतर ग्रे मार्केट! 'राजी' छोटा आहे, मारामारी जरा अडखळते, पण राजस्थानी वाडे आणि आपल्या देवदेवता बघून पुतण्या जे म्हणाला ते लाख मोलाचं: "ही तर आपल्याकडची पोरगी हाय!"

तर घ्यायचा कोणता?

थोडक्यात सांगतो. स्टीमवर गेम्सचा ढीग असेल आणि हाताशी कायम प्लग असेल, तर विंडोजवाला नाहीतर स्टीम डेक. फक्त घरातल्या घरात खेळायचं असेल तर सोनीचा 'प्लेस्टेशन पोर्टल' आहे, पण तो मुळात प्लेस्टेशन ५ आणि वायफाय यांच्या जिवावर जगतो. नांदूरघाटला त्याचा उपयोग पाटासारखा! घरात लहान मुलं असतील, प्रवास असेल, तर सेकंडहँड जुना स्विच आणि खरी कार्ट्रिजं. गेम घेताना डबीवर बघा, आत गेम आहे की नुसती किल्ली.

मी यंदा स्विच २ घेणार होतो. नाही घेतला. परतीच्या एसटीत बॅग हलकी होती, कारण जुना स्विच चार कार्ट्रिजांसकट गावीच राहिला. डाउनलोड केलेले गेम माझ्या अकाउंटला चिकटलेले, ते देता आले नाहीत. कार्ट्रिजं देता आली.

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, अण्णांनी आपली सगळी पार्सनिप विकली. आता मला नंबरच लागू देईनात!"