किरणोपचारातील मात्रामापन आणि घनावस्था शोधक

प्रस्तावना : कर्करोगावरील किरणोपचारात मात्रा कमी पडल्यास रोग पुन्हा उद्भवण्याची शक्यता वाढते, ती अधिक झाल्यास निरोगी ऊतींना इजा होते. रुग्णास उपचार घेताना यांपैकी काहीच जाणवत नाही. म्हणून दिलेली मात्रा नियोजित मात्रेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत असावी, असा संकेत रूढ आहे. ही अचूकता पडताळण्यात घनावस्था शोधकांचे स्थान काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यतत्त्व : मात्रामापनाचे प्रमाणभूत साधन म्हणजे हवेने भरलेला आयनीभवन कक्ष. हवेत आयनांची एक जोडी निर्माण होण्यास सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते; सिलिकॉनमध्ये मात्र इलेक्ट्रॉन-विवर जोडीस सुमारे ३.६ पुरते. शिवाय सिलिकॉनची घनता हवेच्या जवळजवळ २,००० पट आहे. परिणामी, समान आकारमानाचा सिलिकॉन डायोड सुमारे १८,००० पट विद्युतभार देतो. त्यामुळे शोधक अतिशय लहान करता येतो आणि काही मिलिमीटर रुंदीच्या शलाकेचेही मापन शक्य होते. दुसऱ्या प्रकारचे शोधक ऊर्जा साठवून ठेवतात व नंतर प्रकाशरूपाने मुक्त करतात. लिथियम फ्लोराइड त्यासाठी तापवावे लागते, तर कार्बनयुक्त ॲल्युमिनियम ऑक्साइड प्रकाशाने उद्दीपित करावे लागते.

मर्यादा : सिलिकॉनचा अणुक्रमांक १४ असल्याने ते अल्प ऊर्जेचे विकिरित फोटॉन ऊतींपेक्षा अधिक शोषते, मोठ्या शलाकेत त्यामुळे वाचन फुगते. तापमान आणि पूर्वी साचलेली मात्रा यांमुळेही डायोडची संवेदनशीलता बदलते.

स्थानिक संदर्भ : द्रोणागिरी-पनवेल परिसरातील वाचकांस हा विषय दूरचा नाही. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट-६० यंत्र प्रथम तेथेच बसविण्यात आले. २०२३ मध्ये तेथे प्रोटॉन उपचारही सुरू झाले. कोबाल्टच्या गॅमा शलाकेत अंशांकित केलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा शोधक प्रोटॉनच्या मार्गाच्या अखेरीस, जेथे ऊर्जा अतिशय दाटीने साठते तेथे, प्रत्यक्षाहून कमी मात्रा दर्शवितो. म्हणजेच एका शलाकेतील अंशांकन दुसरीत जसेच्या तसे चालत नाही.

समारोप : घनावस्था शोधक आयनीभवन कक्षाचा पर्याय नसून पूरक साधन आहे. कक्षाशी पडताळून केलेले अंशांकन, योग्य दुरुस्ती-गुणक आणि नियमित फेरतपासणी यांच्या आधारेच त्याच्या वाचनावर विश्वास ठेवता येतो. पदार्थविज्ञानाच्या वर्गात अर्धवाहक शिकविताना हे उदाहरण अवश्य द्यावे. मापनातील त्रुटीची किंमत तेथे रुग्ण मोजतो.