कोळी चावला, असे म्हणण्यापूर्वी

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे, तुळजापूर तालुक्यातले जळकोट. पावसाळा ओसरू लागला की इथल्या शिवारात कामांची गर्दी होते. सोयाबीनची काढणी, गंजी लावणे, द्राक्षबागेची छाटणी, उसाचे पाचट ओढणे, बांधावरचे गवत कापणे अशी कामे एकामागोमाग येतात. बहुतेक कामे उघड्या हातांनी, वाकून, पायात साध्या चपला घालून होतात आणि त्यातली बरीचशी बायकाच करतात. अशात बोटाला काहीतरी टोचते, थोडी आग होते, जागा सुजते. काय चावले ते कोणी पाहिलेले नसते. मग जवळच्या फांदीवर जाळे दिसले की निदान ठरते : कोळी चावला.

बहुतेक वेळा दोन दिवसांत सूज उतरते आणि गोष्ट विसरली जाते. पण या घाईच्या निदानाने दोन नुकसाने होतात. एक, पिकाचा राखणदार असलेला कोळी विनाकारण मारला जातो. दुसरे जास्त गंभीर आहे. साप, विंचू किंवा एखादा ताप यांनी दिलेली खूण ‘कोळीच तो’ म्हणून बाजूला पडते आणि उपचाराचे मोलाचे तास हातातून जातात. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज १ : कोळी विषारी असतो, म्हणजे तो माणसाला घातक असतो.

वस्तुस्थिती : जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांकडे विष असते. मात्र ते विष माशी, तुडतुडा, पतंग यांना निपचित करण्यापुरते असते. बहुसंख्य कोळ्यांचे दात माणसाच्या कातडीत नीट रुततही नाहीत. रानात जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी नक्षी विणून बसणारा कोळी, सोयाबीनच्या पानांखालून धावणारा लांडगा कोळी, घराच्या भिंतीवरचा मोठा चपटा कोळी हे सगळे माणसाची चाहूल लागताच पळतात. हाताखाली दाबले गेले किंवा बाहीत अडकले तरच चावतात. अशा दंशात थोडी वेदना, लाली आणि सूज येते, त्याहून जास्त सहसा काही होत नाही.

अपवाद आहेत. ‘विधवा कोळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लॅट्रोडेक्टस गटातील जातींची भारतात नोंद आहे. त्यांच्या दंशानंतर वेदना वाढत जाते, पोटात आणि पाठीत गोळे येतात, दरदरून घाम सुटतो. सह्याद्रीच्या जंगलात राहणारे मोठे केसाळ कोळी चावले तर जागा ठणकते आणि स्नायूंना पेटके येऊ शकतात. अशा रुग्णाला दवाखान्यातच न्यायला हवे. तिथे वेदना आणि पेटके कमी करणारे उपचार मिळतात. मृत्यू फार क्वचित होतो.

गैरसमज २ : रात्री झोपेत काही चावले आणि सकाळी डाग दिसला, तर तो कोळीच.

वस्तुस्थिती : कोळी माणसाचे रक्त पीत नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला शोधत येण्याचे त्याला कारणच नसते. एका ओळीत तीन-चार खाजरे डाग असतील तर ढेकूण किंवा पिसवांचा संशय आधी घ्यावा.

रात्रीचा खरा धोका मण्यारीचा आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. तिचे दात बारीक असतात. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही, कधी कधी खूण सापडतही नाही. माणूस मुंगी किंवा कोळी समजून कूस बदलतो. काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलणे जडावते, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. कोळ्याच्या दंशाने होणारे मृत्यू या आकड्याच्या जवळपासही नाहीत.

पहाटे पोटात दुखणे आणि पापण्या मिटणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर दंशाची खूण शोधत बसू नका, रुग्णाला घेऊन निघा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. वेळेत पोहोचले आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला, तर मण्यारीचा रुग्ण वाचतो.

गैरसमज ३ : कोळी अंगावर मुतला की फोड येतात.

वस्तुस्थिती : पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा गालावर आग होणारा लाल पट्टा आणि त्यावर पाणीदार फोड दिसतात, तेव्हा हे वाक्य हमखास ऐकू येते. हे काम बहुधा पिडेरस नावाच्या कीटकाचे असते. लांबट मुंगीसारखा दिसणारा, अंगावर काळे-नारिंगी पट्टे असलेला हा छोटा भुंगेरा दिव्याकडे ओढला जातो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर बसल्यावर आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या शरीरातले पिडेरिन हे द्रव्य कातडी भाजून काढते. त्वचेच्या वळ्या एकमेकींवर घासल्या गेल्या, तर समोरासमोर जोडीने डाग उठतात. तो दिसला तर फुंकर मारून उडवा आणि जागा लगेच साबणाने धुवा.

फोडांचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला असेल आणि फोड येण्याआधीपासून तिथे ठणका असेल, तर ती नागीण असण्याची शक्यता मोठी आहे. हा विषाणूचा आजार आहे. त्यावरची औषधे फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी पडतात. तेव्हा पाला चोळण्यात हे तीन दिवस घालवू नयेत.

गैरसमज ४ : जखम काळी पडली, म्हणजे कोळ्याचे विष पसरले.

वस्तुस्थिती : मोबाईलवर फिरणारी सडलेल्या बोटांची छायाचित्रे या समजाला खतपाणी घालतात. मांस कुजवणारे विष लॉक्सोसेलिस गटातील मोजक्या कोळ्यांमध्ये असते आणि त्यांच्या दंशाच्या बातम्या प्रामुख्याने अमेरिका खंडातल्या असतात. आपल्याकडे पुवाने भरलेली, लाल होत पसरणारी जखम बहुधा जिवाणूंच्या संसर्गाची असते. काटा रुतल्याने, खाजवल्याने किंवा शेणामातीच्या हाताने तो होतो. मधुमेही माणसाने अशी जखम एक दिवसही अंगावर काढू नये.

आणखी एक शक्यता शेतकऱ्याने आवर्जून ओळखायला हवी. तिचे नाव स्क्रब टायफस. गवतात, झुडपात राहणाऱ्या अतिसूक्ष्म माइटची पिल्ले चावतात आणि त्यातून जिवाणू अंगात शिरतो. चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही आणि बहुतेकदा काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीपाशी किंवा छातीखाली झाकलेली राहते. सोबत जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी असते. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात या तापाची साथ आली आणि त्यात माणसे दगावली. डॉक्सिसायक्लिनसारखे साधे, स्वस्त औषध डॉक्टरांनी वेळेत सुरू केले तर ताप लवकर उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत आजार जातो. म्हणून तापाच्या रुग्णाने ‘मी गवतात काम केले होते’ आणि ‘इथे काळी खपली आहे’ ही दोन वाक्ये डॉक्टरांना स्वतःहून सांगावीत.

गैरसमज ५ : मोठी काळी इंगळी जास्त जहरी, लहान लाल विंचू किरकोळ. आणि मंत्राने विंचू उतरतो.

वस्तुस्थिती : नेमके उलटे आहे. मोठ्या काळ्या इंगळीचा डंख दुखतो, पण तिचे विष तुलनेने सौम्य असते. जिवावर उठतो तो लहान, तांबूस लाल विंचू. माळवदाच्या जुन्या भिंती, दगडांचे बांध, सरपण आणि गोवऱ्यांचे ढीग ही त्याची आवडती ठिकाणे आहेत.

या विंचवाशी महाराष्ट्राचे एक मोठे वैद्यकीय नाते आहे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. दंशानंतर आधी उलट्या, दरदरून घाम आणि थंडगार हातपाय, मग रक्तदाबात मोठा चढउतार आणि शेवटी फुप्फुसांत पाणी, हा क्रम त्यांनी नोंदवला. १९८० च्या दशकात त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध यासाठी वापरले. गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. ग्रामीण भागातल्या साध्या दवाखान्यातून हा उपचार जगभर गेला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने उतरतो तो कोणता विंचू? ज्याने नुसतीच वेदना दिली तो. ती वेदना काही तासांनी आपोआप ओसरते आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. घाम, उलट्या आणि थंड हातपाय असलेल्या लेकराला मात्र ते तास परवडत नाहीत. मुलांमध्ये धोका सर्वाधिक असतो.

गैरसमज ६ : जागा कापली, चोखली किंवा घट्ट आवळली की विष निघून जाते.

वस्तुस्थिती : २०१२ मध्ये आसामातल्या सदिया भागात मोठ्या केसाळ कोळ्यांच्या दंशाने दोघे दगावल्याच्या बातम्या आल्या आणि सगळीकडे घबराट पसरली. त्या रुग्णांना आधी मांत्रिकाकडे नेऊन जागा पात्याने कापली गेली होती, हेही पुढे आले. मृत्यू विषाने झाला की त्या जखमांनी, हे सिद्ध झाले नाही. कापल्याने रक्तस्राव आणि संसर्ग वाढतो. दोरीने आवळल्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो. चुना, रॉकेल, तंबाखू लावल्याने कातडी भाजते. विष यातल्या कशानेही बाहेर येत नाही.

गैरसमज ७ : औषध मारून कोळी संपवले की रान सुरक्षित.

वस्तुस्थिती : जगभरातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन कीटक आणि इतर लहान जीव खातात, असा अंदाज २०१७ मधील एका अभ्यासात मांडला आहे. तुडतुडे, पतंग आणि लहान अळ्या खाणारा हा बिनपगारी राखणदार फवारणीत आधी मरतो आणि किडी पुन्हा वाढतात.

फवारणीचा धोका माणसालाही आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारताना किंवा त्यानंतर कोणाला घाम, लाळ, उलट्या, धाप आणि स्नायू फडफडणे सुरू झाले, तर ‘काहीतरी चावले’ म्हणून थांबू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

मग करायचे काय?

दंश साधा वाटत असेल तर जागा साबण-पाण्याने धुवा. ओल्या थंड फडक्याने दहा-दहा मिनिटे शेका. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा आणि हात उंच ठेवा. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा, म्हणजे ती पसरते आहे का ते कळेल. दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरते. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवा आणि मुदत उलटली असेल तर घ्या. प्राणी मेलेला सापडला तर डबीत घालून न्या किंवा फोटो काढा. जिवंत साप-विंचू धरायला मात्र जाऊ नका.

पापण्या मिटणे, धाप, तोंडावर सूज, दरदरून घाम, वारंवार उलट्या, पोटात गोळे, ताप, पसरती लाली यांपैकी एकही लक्षण दिसले तर १०८ ला फोन करा. सापाचा नुसता संशय असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. रुग्णाला चालवू नका, हातपाय हलवू देऊ नका. जळकोटहून मोठ्या उपचारासाठी तुळजापूर, धाराशिव आणि सोलापूरचे शासकीय रुग्णालय ही ठिकाणे रस्त्याने जोडलेली आहेत. कुठे जायचे हे घरात आणि टोळीत आधीच ठरलेले असावे.

टाळता येण्यासारखेही पुष्कळ आहे. सरपण आणि कडबा हाताने ओढण्याआधी काठीने हलवावा. चपला, हातमोजे, वाळत घातलेले कपडे झटकून घालावेत. अंथरूण खाटेवर टाकावे किंवा मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि बूट विसरू नयेत. रानातून आल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे बदलावेत.

हातमोजे आणि बूट यांची जबाबदारी रोजंदारीवर येणाऱ्या बाईवर टाकून चालणार नाही. शेतमालकाने आणि मुकादमाने ते खुरप्या-विळ्याइतकेच कामाचे साहित्य मानले पाहिजे. कोणाला काही चावले तर त्या दिवसाचा रोज न कापता तिला दवाखान्यात पोहोचवले पाहिजे. मजुरी बुडेल या भीतीने दंश लपवला जाणार नाही, एवढी खात्री प्रत्येक बांधावर मिळाली, तर उशिराने जाणारे कितीतरी जीव वाचतील.