शहरातला कर, गावातला बाजार

सरकार एकाकडून पैसे घेते आणि दुसऱ्याला देते. त्याने काय साधते? या खिशातले त्या खिशात, असे कोणी म्हणेल. पण पैसा पाण्यासारखा आहे. तो कोणत्या वाफ्याला जातो, त्यावर पीक ठरते.

महाराष्ट्रात 1972 साली मोठा दुष्काळ पडला. शेतात काम नाही, म्हणून हाती पैसा नाही. दुकानात धान्य असले तरी घ्यायचे कशाने? बैल विकायचे, नाही तर गाव सोडायचे. तेव्हा सरकारने दुष्काळी कामे काढली. 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे त्या कामांवर होती.

दुष्काळ नसतानाही गरिबाला काम मिळावे, ही कल्पना वि. स. पागे यांनी आधीच मांडली होती. तिच्यातून रोजगार हमी योजना निघाली. 1977 साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला अंगमेहनतीचे काम, हे त्याचे सार.

पैसा कुठून आला? 1975 साली व्यवसाय कर बसला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी तो भरायचा. सरकारनेही आपल्या तिजोरीतून भर घालायची.

सुखवस्तू माणसाचे दहा रुपये गेले, तर त्याची भाकरी कमी होत नाही. शिल्लक तेवढी घटते. मजूरबाईला दहा रुपये मिळाले, तर ते आठवडी बाजारात येतात. ती ज्वारी घेते, तेल घेते, पोराला सदरा घेते. वाण्याचा माल खपतो. तेलवाला आणि विणकर यांनाही काम मिळते. एकाच मजुरीवर अशी चार घरे चालतात.

दुसरेही एक होते. सरकारी काम जवळ असले, की मजूर म्हणतो, “एवढ्या थोडक्यात आम्ही येत नाही.” मग शेतावरची मजुरी वाढते. शेतकऱ्याला ते जड जाते, हे खरे. पण त्याच कामातून पाझर तलाव झाला, तर त्याच्या विहिरीला पाणी वाढते. एकाच्या जागी दोन पिके निघतात. मजुरालाही जास्त दिवस काम मिळते.

मात्र पैसा वाटला, की सुबत्ता आली, असे नव्हे. पैसा वाढला आणि माल वाढला नाही, तर भाव चढतात. कर फार वाढला, तर धंदा वाढवणारा हात आखडता घेतो. हजेरी खोटी लागली, बांध अर्धा राहिला, तर पैसाही जातो आणि पाणीही जाते.

म्हणून आपल्या गावातले काम आपण पाहावे. हजेरीपट वाचावा. आता आपल्याला वाचता येते.