मूल उशिरा बोलतंय? स्वमग्नतेची लक्षणे वेळीच ओळखा

“याचा बापही तीन वर्षांनी बोलला होता, हाही बोलेल,” असे घरातली मोठी माणसे सांगतात आणि तपासणी लांबते. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे नीट बोलतात, हे खरे. पण काहींमध्ये हा उशीर स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे लक्षण असतो.

बीड जिल्ह्यात आणखी एक अडचण येते. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लक्षणे दिसू लागण्याचा काळ फडावर जातो आणि अंगणवाडीतली तपासणी चुकते.

स्वमग्नता म्हणजे काय?

यात मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते. त्यामुळे संवाद साधणे आणि इतरांत मिसळणे मुलाला अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एकाला स्वमग्नता होती. लसीकरण, ग्रहण, बाहेरची बाधा किंवा आईचे कामावर जाणे यांमुळे ती होत नाही.

काय पाहावे?

फक्त शब्द मोजू नका. मूल बोलत नसले, पण बोट दाखवून वस्तू मागते, आवडलेली गोष्ट तुम्हाला आणून दाखवते, तर ते संवाद साधत आहे. पुढील खुणा दिसल्यास मात्र तपासणी करा:

• एक वर्षानंतरही नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही.
• दीड वर्षाचे झाले तरी बोटाने काही दाखवत नाही.
• दोन वर्षांनंतरही स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. ऐकलेलेच पुन्हा पुन्हा म्हणते.
• खेळण्यातल्या गाडीशी खेळण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसते.
• कुकरची शिट्टी, भोंगा अशा आवाजांनी खूप अस्वस्थ होते.
• येत असलेले शब्द बोलणे बंद होते. हे कोणत्याही वयात झाले तरी लगेच दाखवा.

एखाद्या खुणेवरून निदान होत नाही. ऐकू कमी येत असेल तरीही मूल हाकेला ओ देत नाही, म्हणून कानांची तपासणी आधी करावी.

कुठे दाखवावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. पथकाची वाट न पाहता आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगा, अथवा जिल्हा रुग्णालयात जाऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. शंका असेल तर फडावर जाण्याआधीच दाखवा. माता व बाल संरक्षण कार्ड आणि तपासणीचे कागद सोबत न्या.

घरी काय करता येईल?

स्वमग्नता औषधाने बरी होत नाही. खात्रीचा इलाज सांगणाऱ्यांवर पैसे घालवू नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गोवा आणि रावळपिंडी येथील एका अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले. त्यानंतर मुले पालकांशी स्वतःहून अधिक संवाद साधू लागली.

रोज थोडा वेळ मुलासमोर, त्याच्या उंचीवर बसा. ते ज्याच्याशी खेळत आहे त्याचेच नाव सोप्या शब्दांत सांगा. मग थांबा; त्याला उत्तर द्यायला वेळ द्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. निदान झाल्यावर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. पण शंका आल्यास निदानाची वाट न पाहता संवादाचा सराव आजपासूनच सुरू करा.