पडवीतला बंब

कर्जत-खालापूरकडे घर तापवायची गरज पडत नाही. थंडी महिना-दीड महिन्याची, तीही पहाटेपुरती. तरीही विस्तव लागतो, आणि सगळ्यात जास्त लागतो तो पावसाळ्यात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लावणीच्या दिवसांत माणसं शेतातून येतात ती मांडीपर्यंत चिखलात भरलेली आणि दिवसभर भिजून काकडलेली. अशा वेळी दोन बादल्या कढत पाणी तयार असणं ही चैन नव्हे.

हे पाणी बहुतेक घरांत अजून बाहेरच्या चुलीवरच तापतं. सिलिंडर आला तो स्वयंपाकापुरता, अंघोळीला गॅस जाळणं परवडत नाही. सौर हीटर चार महिने ढगांखाली निकामी होतो. विजेची गोष्ट तर मला दर पावसाळ्यात टोचते. खोपोलीच्या वीजघरातून 1915 साली आणि भिवपुरीच्या वीजघरातून 1922 साली मुंबईकडे वीज निघाली. घाटमाथ्यावरचं पाणी याच दोन तालुक्यांत उतरून वीज होतं, आणि शंभर वर्षांनंतरही वारा सुटला की आमच्या वाडीतले दिवे जातात.

चुलीचा खरा त्रास तिच्यापाशी बसून राहण्याचा. लाकूड पुढे सारत राहायचं, फुंकर मारत राहायचं, डोळे चोळत राहायचं. आणि एवढं करून लाकडातली दहा-पंधरा टक्के उष्णताच पातेल्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. सासूबाईंचे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत. म्हणून एकदा पेटवला की आपला आपण जळत राहील असा विस्तव आम्हाला हवा होता.

असा विस्तव जुन्या मुंबईकरांना ठाऊक आहे: भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची. मधे राहिलेल्या भोकातून जाळ वर येतो आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो. एकदा भरली की तासन्‌तास हात लावावा लागत नाही. पण तिला लाकडाच्या वखारीतला कोरडा भुसा लागतो, आणि तो आमच्याकडे पोत्यानं मिळत नाही. मग उरला बंब.

बंब हे आपलं फार विचारपूर्वक केलेलं यंत्र आहे, असं मी तो नीट पाहिल्यावर म्हणू लागले. बाहेर तांब्याचं उभं नळकांडं, त्याच्या पोटातून आरपार गेलेली दुसरी नळी, पाणी या दोन्हींच्या मधे. आतल्या नळीच्या तळाशी जाळी. करवंटी, ढलपी, कोळसा, जे असेल ते वरून टाकायचं. खालचं जळून राख झालं की वरचं आपल्याच वजनानं खाली सरकतं. नळी हीच भट्टी आणि नळी हेच धुराडं. थंड देशांत घर तापवायला आपोआप कोळसा घेणाऱ्या शेगड्या मिळतात. वर कोळशाची कोठी आणि खाली जाळी अशी त्यांतल्या कित्येकींची रचना असते, आणि कोळसा तिथेही वजनानंच उतरतो.

तांब्याचा घ्यावा की स्टीलचा, यावर घरात बराच खल झाला. तांबं उष्णता स्टीलपेक्षा कितीतरी वेगानं वाहून नेतं हे खरं, पण पातळ पत्र्यातून पाण्यात उष्णता जायला तेवढ्यानं मोठा फरक पडत नाही. अडतं ते जाळाकडच्या बाजूला, काजळीत. तरीही मी तांब्याच्या बाजूनं होते. तांब्याचा सांधा सुटला तर पुन्हा झाळता येतो, पोचा आला तर ठोकून काढता येतो, आणि अगदी निकामी झाला तरी मोडीला वजनावर पैसे येतात.

हे ठोकणं मी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पाहिलं आहे. कर्जतहून घाट चढून गेलं की गाडीनं दोनेक तासांचा रस्ता. आळीत शिरण्याआधीच आवाज येतो. पत्रा गोल करून कडा एकमेकींत अडकवतात, सांधा झाळतात, मग भांडं लोखंडी खुंट्यावर चढवून फिरवत फिरवत हातोडीनं मठारतात. ते चकचकीत ठसे शोभेचे वाटतात, पण मऊ तांबं घावानं कडक होतं आणि पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो. कारागिराचा डावा हात भांडं फिरवत असतो आणि नजर शेवटच्या ठशावर असते. पुढचा घाव त्याच्या कडेला लागून पडतो. गिऱ्हाईक बाहेरून चकाकी बघतं, हा माणूस ठशांची रांग बघत असतो.

आम्ही बंब घेतला तो मात्र कर्जतच्या बाजारपेठेत. दुकानदारकाका वजन करू लागले तेव्हा मी आधी बंब उलटा करून दाखवा म्हटलं. पाहायचं ते तळाशी असतं. जाळी बिडाची आहे का, आणि काढता येते का? पक्की बसवलेली असेल तर राख अडकली की काडीनं टोकरत बसावं लागतं. जाळीखाली चार-पाच बोटं मोकळी जागा हवी, कारण सगळी हवा तिथूनच आत जाते. नळी फार अरुंद असेल तर ढलपी मधेच अडकते आणि खालचा जाळ उपाशी राहतो. फार रुंद असेल तर उष्णता कडेला न लागता सरळ वर निघून जाते. माझा पंजा मिटून जेमतेम आत जाईल एवढी नळी मी पसंत केली. मग पाणी भरून सगळे सांधे बोटानं चाचपले.

एक निवड आणखी होती. साध्या बंबाला खाली तोटी असते. दुसऱ्या प्रकारात नसराळ्यातून ओतलेलं थंड पाणी वेगळ्या नळीनं तळाशी जातं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोंडातून बादलीत पडतं. गरम पाणी हलकं, ते वरच राहतं, एवढ्यावर हे चालतं. यात बंब कधी रिकामा होत नाही, हा मोठा फायदा. भोवती पाणी आहे तोवर जाळाच्या नळीचा पत्रा उकळत्या पाण्यापेक्षा फारसा तापत नाही. पाणी संपलं की शिसं-कथलाची झाळ दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळते आणि सांधा उघडतो. पाच माणसांच्या घरात शेवटचा अंघोळ करणारा तोटीतून बंब रिकामा करून जाणारच. आम्ही दुसरा प्रकार घेतला.

पेटवणं सासूबाईंनी आपल्याकडे ठेवलं. आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम त्या कुणाला मोडू देत नाहीत. जाळीवर नारळाच्या शेंड्या, त्यावर करवंटीचे तुकडे, खालून काडी. सुरुवातीला दाट पिवळट धूर निघतो. नळी तापली की ती हवा ओढू लागते, आतून घुमल्यासारखा आवाज येतो आणि धूर विरळ होत जवळजवळ दिसेनासा होतो. त्यानंतर ढलप्या टाकायच्या. बाहेरून हात लावला तर वरचा भाग चटका देतो आणि तळ अजून गार लागतो. तळही कोमट झाला की पहिली बादली काढायची.

बंब पडवीतच ठेवायचा, यावर मी अडून बसले. कोळशाला धूर नसतो म्हणून लोक तो निर्धास्तपणे घरात घेतात. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी आणि पावसाळी हवेमुळे दारं-खिडक्या गच्च बंद, हे मी पाहिलेलं आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्यावा, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर नेऊन ठेवावी.

आणि कोळसा. सुरुवातीला मीही लोणारी कोळशाचं पोतं आणायच्या विचारात होते, कारण तो स्वच्छ जळतो. मग वाडीतल्या एका कातकरी आजीशी बोलणं झालं. तिचं अर्धं आयुष्य भट्ट्यांवर गेलं. दिवाळीनंतर ठेकेदाराकडून उचल घ्यायची, पोराबाळांसकट निघायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. लाकूड रचायचं, पाला आणि माती लिंपायची, कडेनं हवेची भोकं ठेवायची. धूर पांढरा आहे तोवर लाकडातलं पाणी जातंय, निळसर झाला की भोकं बुजवायची. रात्री माती कुठे खचली तर उठून बुजवायची, नाहीतर सकाळी कोळशाऐवजी राख. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली, पण उचलीचा हिशेब ठेकेदाराच्याच वहीत राहिला, तिला तो कधी वाचता आला नाही.

मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला पाच-सहा किलो लाकूड जातं. किलोभर कोळसा सात हजार किलोकॅलरी देतो, तर पाच किलो सुकं लाकूड वीस हजारांच्या आसपास. म्हणजे दोन तृतीयांश उष्णता रानातच धूर होऊन जाते. शहरातल्या बंद खोलीत ज्याला धूर चालत नाही त्याचं गणित वेगळं असेल. उघड्या पडवीत, स्वतःचं धुराडं असलेल्या बंबात कोळसा घालणं मला पटत नाही. वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सहाशे किलोकॅलरी लागतात. निम्मी उष्णता वाया गेली तरी तीनशे ग्रॅम सुक्या ढलप्यांत काम होतं.

फक्त त्या सुक्या हव्यात. ओल्या लाकडानं नळीत डांबरासारखी काजळी धरते आणि पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून आंब्याच्या छाटणीच्या फांद्या, करवंट्या आणि तुरीच्या तुराट्या आम्ही होळीपासूनच तोडून माळ्यावर टाकू लागतो, आणि मृगाच्या आधी माळा भरलेला असतो. नळी दर पंधरवड्याला काथ्याच्या कुंच्यानं साफ करायची असते, ते काम माझ्याकडे आहे.