मैत्रिणीच्या घरचा टीव्ही

फिजीच्या नाद्रोंगा प्रांतात १९९५ साली टीव्ही आला. तोवर तिथल्या मूळ फिजीयन समाजात भरदार अंगाचे कौतुक होते. दारावरून जाणाऱ्यालाही जेवायला हाक मारण्याची रीत होती, आणि एखादी मुलगी रोडावली तर घरच्यांचे तिच्याकडे लक्ष नाही, असे लोक समजत. अमेरिकी संशोधक अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही येताच काही आठवड्यांत तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये नव्या मुली घेऊन ती पुन्हा केली. खाण्याबाबत चिंताजनक कल दिसणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती. आता त्या ११.३ टक्के होत्या.

दोन्ही पाहण्या लहान होत्या, त्यामुळे सगळा दोष टीव्हीच्या माथी मारणे घाईचे ठरले असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ५२३ मुलींच्या अभ्यासाने चित्र पालटले. स्वतःच्या घरी काय पाहिले जाते यापेक्षा मैत्रिणी काय पाहतात, याचा खाण्याच्या तक्रारींशी अधिक संबंध आढळला. म्हणजे घरचा टीव्ही बंद ठेवून पालकांची सुटका नव्हती!

पडद्यावरची नायिका दूरची असते. वर्गातल्या मैत्रिणीशी तुलना मात्र रोजचीच. ‘मी किती जाड झालेय’ असे एकीने म्हणायचे आणि दुसरीने ‘छे, तू कुठे, जाड तर मी’ असे उत्तर द्यायचे, हा संवाद महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या कँटीनमध्येही ऐकू येतो. त्यात धीर दिल्यासारखे वाटते, पण बारीक असणे म्हणजेच चांगले, हे दोघीही नकळत कबूल करून बसतात. मुलांमध्ये हाच दबाव दंडाच्या बेटकुळ्यांवरून आणि प्रोटीन पावडरवरून येतो. डबा बाजूला सारून सगळ्यांबरोबर वडापाव खाण्यामागेही भुकेपेक्षा टोळीत राहण्याची ओढ जास्त असते.

तरीही ‘मित्रामुळे वजन वाढले’ हे विधान जपूनच करावे लागते. सारखी मुले मुळातच एकत्र येतात. त्यांची शाळा, बाजार आणि खिशातले पैसेही सारखे असतात. २००८ साली दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी, मित्रांमधला लठ्ठपणाचा ‘संसर्ग’ दाखवणारी गणिती पद्धत किशोरांच्या मुरमांना, डोकेदुखीला आणि चक्क उंचीला लावून पाहिली. तिच्या हिशेबाने उंचीसुद्धा संसर्गजन्य निघाली!

मैत्रीचा प्रभाव उलट दिशेनेही वापरता येतो. मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांच्या कार्यक्रमात मुली गटात बसून सडपातळपणाच्या हट्टाविरुद्ध स्वतःच युक्तिवाद करतात, लिहितात, भूमिका वठवतात. चारचौघींसमोर बोललेले मनालाही पटू लागते, हे त्यामागचे तत्त्व. अनेक चाचण्यांत अशा मुलींची शरीराबद्दलची नाराजी कमी झालेली दिसली. काही ठिकाणी तर हे गट तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थिनींनीच चालवले.