फुकट कोणाला, भुर्दंड कोणाला?

साधारण तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील एका साडीच्या दुकानदाराने मला एक प्रश्न विचारला होता. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो आणि आमच्या शाखेच्या व्यापारी खातेदारांनी क्रेडिट कार्ड स्वीकारावे म्हणून त्यांचे मन वळवण्याचे काम माझ्याकडे आले होते. नुसते कार्ड टेकवले की पैसे वळते, असली यंत्रे त्या वेळी नव्हती. कार्डावरची उठावाची अक्षरे कार्बनच्या पावतीवर उमटवणारे एक लोखंडी यंत्र असे. त्याची मूठ खर्रकन पुढेमागे ओढायची आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायची. शेठजींनी ते यंत्र उलटसुलट करून पाहिले, मला चहा पाजला आणि म्हणाले, “साहेब, कार्ड गिऱ्हाइकाच्या खिशात. सोय गिऱ्हाइकाची. महिनाभराची उधारीही त्यालाच. मग शंभरातले अडीच रुपये माझ्या गल्ल्यातून का?”

मी पढवलेले उत्तर दिले, “विक्री वाढेल, शेठजी.” ते हसले. “आणि कार्ड नाही घेतले तर?” मी काही बोलण्याआधी त्यांनीच सांगून टाकले, “तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. आणा, कुठे सही करू?”

सही घेऊन मी शाखेत परतलो, पण तो प्रश्न मनातून गेला नाही. त्याचे समाधानकारक उत्तर मला पुढे मिळाले ते एका फ्रेंच प्राध्यापकाच्या लेखनात. त्यांचे नाव ज्याँ तिरोल. १३ ऑक्टोबर २०१४ रोजी त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. बाजारातील मोठ्या कंपन्यांची शक्ती आणि तिचे नियमन यांच्या विश्लेषणासाठी ते दिले गेले आणि त्या वर्षी त्यात दुसरा कोणी वाटेकरी नव्हता.

तिरोल यांचा जन्म १९५३ सालचा, फ्रान्समधल्या त्र्वा या गावचा. वडील डॉक्टर, आई शाळेत भाषा शिकवणारी. मुलगा गणितात हुशार, तेव्हा इंजिनिअर होणार हे ठरल्यासारखेच होते. पॅरिसच्या नामांकित एकोल पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्रवेशही मिळाला. तिथे त्याला अर्थशास्त्राची गोडी लागली. गणिताची शिस्त आणि माणसांच्या वागण्याचे कुतूहल, दोन्ही या एका विषयात भागत होते. पुढे अमेरिकेतील एमआयटीमधून १९८१ साली डॉक्टरेट, मग तिथेच प्राध्यापकी, आणि १९८८ साली उद्योगसंस्थांच्या अर्थशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ. जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ्यपुस्तक म्हणून वापरला.

अशा माणसाने अमेरिकेतच राहायचे, हा रिवाज आपल्याकडच्या घराघरांत ठाऊक आहे. तिरोल मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मायदेशी परतले, आणि तेही पॅरिसला नव्हे, तर दक्षिणेकडच्या तुलूज शहरात. लाल-गुलाबी विटांच्या इमारतींचे आणि विमानांच्या कारखान्यांचे हे शहर. तिथे ज्याँ-जाक लाफाँ नावाचे त्यांचे सहकारी अर्थशास्त्राची एक संस्था उभी करत होते. लाफाँ स्वतः हार्वर्डमध्ये शिकून तुलूजला परतलेले. दोघांनी मिळून जे काम केले, त्यावरच पुढच्या साऱ्या कीर्तीचा पाया आहे. २००४ साली अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी कर्करोगाने लाफाँ गेले. त्यांनी रुजवलेल्या रोपट्यातून २००७ मध्ये तुलूज स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स उभी राहिली, तिची धुरा तिरोल यांनी उचलली.

या दोघांचा प्रश्न काय होता? वीज, टेलिफोन, रेल्वे अशा धंद्यांत एखादीच मोठी कंपनी असते. तिने लोकांना लुबाडू नये म्हणून सरकार दर ठरवते. पण कंपनीचा खरा खर्च किती, हे कंपनीलाच ठाऊक, सरकार अंधारात. मला हे वाचताना आमचे कॅश क्रेडिटचे खातेदार आठवले. दर महिन्याला ते स्टॉक स्टेटमेंट देत. गोदामात पोती किती आणि त्यातली भरलेली किती, हे देवाला आणि मालकाला माहीत! आम्ही तपासणीला जायचो, वरची दोन पोती उघडून पाहायचो आणि रजिस्टरवर सही करायचो.

लाफाँ आणि तिरोल यांनी यावर सुचवलेला मार्ग मोठा शहाणपणाचा आहे. समोरच्याला ‘खरे सांग’ म्हणून दटावू नका. त्याच्यापुढे दोन-तीन प्रकारचे करार ठेवा. एकात रक्कम ठरलेली, बचत केली तर ती कंपनीची. दुसऱ्यात खर्च भरून मिळेल, पण नफा बेताचा. ज्याला आपला खर्च कमी करता येईल अशी खात्री आहे, तो आपणहून पहिला करार उचलेल. तो काय निवडतो त्यावरून त्याचे पाणी जोखता येते.

पुढे इंटरनेटचा जमाना आला आणि तिरोल वेगळ्याच कोड्याकडे वळले. काही धंद्यांना दोन प्रकारची गिऱ्हाइके असतात आणि एक आल्याशिवाय दुसरे येत नाही. आपले वधू-वर सूचक मंडळच घ्या. मुलींची नावे नसतील तर मुलांचे पालक कशाला येतील? हातातला हा अंकही तसाच. तो तुम्हाला रद्दीचा भाव वजा जाता जवळजवळ फुकट पडतो, कारण तुमच्या नजरेसाठी जाहिरातदार पैसे मोजतो. ज्याँ-शार्ल रोशे या सहकाऱ्याबरोबर २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिरोल यांनी अशा बाजारांचा सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे असे की, अशा धंद्यात एकूण आकार किती, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या माथी किती, यावर सारा खेळ चालतो. ज्याला ओढून आणायचे त्याला फुकट, आणि ज्याला आल्यावाचून गत्यंतर नाही त्याला भुर्दंड.

शेठजींच्या प्रश्नाचे उत्तर हेच. गिऱ्हाइकाला कार्ड नाकारता येत होते, शेठजींना येत नव्हते. वर दुकानातली किंमत रोखीला आणि कार्डाला एकच. म्हणजे अडीच रुपये शेवटी साडीच्या भावात मिसळत आणि नोटा मोजून देणारी बाईदेखील कार्डवाल्याच्या सोयीचा वाटा उचलत असे. हे मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही, कारण मलाच कळले नव्हते.

मग व्यापाऱ्याकडून किती घेणे रास्त? रोशे आणि तिरोल यांनी त्यासाठी एक कसोटी सुचवली. समजा, पुन्हा कधीही न येणारा एक प्रवासी दुकानात उभा आहे. खरेदी पक्की झाली आहे. खिशात रोकडही आहे आणि कार्डही. दुकानदाराला विचारा, यातले काय घेशील? नोटा मोजणे, खोटी नोट येण्याची भीती, बँकेत भरणा करण्याचा त्रास हे सारे धरून ‘काहीही चालेल’ असे तो म्हणाला, तर आकारणी योग्य. ‘रोखच दे बाबा’ म्हणाला, तर ती जास्त. युरोपीय आयोगाने या कसोटीचा आधार घेतला आणि २०१५ च्या कायद्याने कार्डामागे बँकांनी आपसात घ्यायच्या शुल्कावर मर्यादा आली: डेबिट कार्डाला ०.२ टक्के, क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय सुरू झाले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरची व्यापाऱ्याकडून होणारी आकारणी सरकारने थेट शून्यावर आणली. भाजीवालीच्या गाडीवर चौकोनी चित्र लटकले ते त्यामुळेच. अर्थात ही यंत्रणा चालवण्याचा खर्च काही शून्य नाही. बँका आणि सरकारी तिजोरी तो उचलतात, म्हणजे फिरून आपणच.

तिरोल यांचा सिद्धांत दुधारी आहे, हेही सांगायला हवे. अमेरिकेत अमेरिकन एक्स्प्रेस ही कार्ड कंपनी दुकानदारांना अट घालत असे की, गिऱ्हाइकाला कमी खर्चाच्या कार्डाकडे वळवू नका. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आधार कोणता? तर हा दुहेरी बाजार आहे, नुसता दुकानदारावरचा बोजा पाहून चालणार नाही, कार्डधारकाचा फायदाही मोजला पाहिजे! मक्तेदारीचा लगाम व्हावा म्हणून शोधलेले हत्यार ढाल म्हणूनही वापरता येते, ते असे.

म्हणूनच तिरोल सरसकट नियमांच्या वाटेला जात नाहीत. मोठी कंपनी दिसली की तोडा, हेही नाही. आणि बाजारावर सोडून द्या, हेही नाही. त्यांचे पाहणे वेगळ्या जागी असते. नव्या माणसाला या धंद्यात शिरता येते का? अडकलेल्याला बाहेर पडता येते का? हॉटेलचे आरक्षण करून देणाऱ्या संकेतस्थळांची अट असे की, तुमची खोली तुम्ही स्वतःदेखील याहून स्वस्त विकायची नाही. फ्रान्सने २०१५ साली ही अट कायद्याने रद्द केली. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द झाले. मार्च २०२४ पासून युरोपात बड्या डिजिटल कंपन्यांना स्वतंत्र कायद्याची बंधने लागू झाली.

नोबेल मिळाल्यावर तिरोल यांना रस्त्यात लोक थांबवू लागले. तुमचे हे शास्त्र आम्हाला समजेल असे सांगा, असा त्यांचा आग्रह. त्यातून २०१६ साली सर्वांच्या हिताच्या अर्थशास्त्रावरचे त्यांचे फ्रेंच पुस्तक आले. पारितोषिक मिळाले म्हणून हरेक विषयावर बोलत सुटण्याचा मोह टाळावा, असे बजावणारा हा माणूस आहे. आपल्याकडे ही सवय विरळाच!

हे सारे मला परवा पुन्हा आठवले ते माझ्या पुतणीमुळे. ती कोथरूडला घरून पोळी-भाजीचे डबे देते. दोन वर्षांपूर्वी ती घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका ॲपवर गेली. आधी ऑर्डरींचा पाऊस पडला. मग दलाली वाढली, सवलतीचा खर्च तिच्या अंगावर आला, आणि यादीत वर दिसायचे तर जाहिरातीचे पैसे वेगळे. ती म्हणाली, “काका, गिऱ्हाइकाला कूपन मिळतं, आणि माझ्या हातात पिठाचे पैसे सुटत नाहीत. सोडून देऊ का?”

तीस वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो, विक्री वाढेल. या वेळी तसे म्हणालो नाही. तिला विचारले, “अगं, उद्या ते ॲप बंद पडलं, तर तुझ्याकडे आपणहून फोन करतील अशी किती माणसं आहेत?”

तिने बोटे मोजली. अकरा निघाली.

“मग आज सोडू नकोस,” मी म्हटले. “आधी अकराची चाळीस कर. त्या दिवशी तुला त्यांच्याशी बोलता येईल.”

आता प्रत्येक डब्याबरोबर ती स्वतःच्या नंबराची एक चिठ्ठी पाठवते. गेल्या आठवड्यात आकडा सोळावर गेला होता.